नऊशे मेंढ्या आणि बिरू

कच्छ,
ता. ४ डिसेंबर २०२३

ती. अक्काच्या पायी धाकट्या बिरूचा सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. मेंढ्या परदेशी नेणाऱ्या लाकडी जहाजावर मला त्यांच्या चाऱ्यापाण्याचं काम दिलंय. जहाज अजून धक्क्याला बांधलेलं हाय अन् मला दोनदा उलटी झाली. दुसऱ्यांदा वाकलो तर खिशातला मोबाइल समुद्रात गेला, म्हणून हे पत्र. खलाशी लय हसायलेत. अक्का, पंधरा दिवसांनी निघायचंय. परत येऊ का? लवकर कळव.

लोभ आटू देऊ नकोस.
तुझा बिरू

बोरी,
ता. ९ डिसेंबर २०२३

चि. बिरूस मनकर्णाअक्काचे अ. उ. आ.

पत्र वाचून आधी हसले, मग चुलीपाशी बसून रडले. तुझे दाजी म्हणायलेत, बांधलेल्या जहाजात उलटी करणारा आपल्या सोयऱ्यात हा पहिलाच. भीती वाटत असंल तर खुशाल ये. हसणार मीच, दुसऱ्या कुणाला हसू देणार न्हाई. अन् निघालासच तर मेंढ्यांजवळ झोपत जा. त्यांच्या वासानं जरा घरी असल्यागत वाटंल.

माया आहेच, पुरवून वापर.
अक्का

कच्छ,
ता. ११ जानेवारी २०२४

ती. अक्कास सा. न. वि. वि.

गेलो अन् परत आलो. चौथ्या दिवशी दुपारी असं वारं सुटलं की नऊशे मेंढ्या भिऊन एका अंगाला सरकल्या अन् जहाज तिकडंच कलायला लागलं. खलाशी काठ्या घेऊन धावले, तशा त्या जास्तच दाटल्या. तांडेल, म्हंजे जहाजाचा म्होरक्या, देवाचं नाव घ्यायलता. मी दोरी धरून पडलेलो. म्हटलं, हे बुडणार असंल तर निदान आपल्या जितराबात बुडू. रांगत खाली गेलो. सगळ्यात थोराड मेंढा शिंगाला धरला, आपली हाळी दिली अन् त्याला वरच्या अंगाला ओढत नेलं. त्याच्यावर दोनदा ओकलो, पण शिंग सोडलं न्हाई. त्याच्यामागं एक आली, दहा आल्या, मग सगळा लोंढा. जहाज सरळ झालं. दिवेलागणीपर्यंत त्यांच्यात उभा होतो. तीन मेंढ्या चेंगरून गेल्या, त्याचं वाईट वाटतं.

तांडेलानं विचारलं, आधी कोणत्या जहाजावर होतास. मी म्हटलं, बोरीच्या माळावर.

आता त्यानं सगळ्यांना आपली हाळी शिकवायला लावलीय. सात धिप्पाड खलाशी रोज सकाळी रांगेत उभं राहून गळा काढायलेत, पण मेंढ्या ढुंकून बघत न्हाईत. म्हणून परवाच्या फेरीलाही मलाच जावं लागायलंय.

तुझ्या मायेचा धनी,
बिरू