एसटीतलं वय

म्हसवडच्या अलीकडची शाळा,
मंगळवार, पोरं घरी गेल्यावर

ती. पद्मावती आत्यास,

दीपालीचा साष्टांग नमस्कार आणि जय जिनेंद्र. तुझे गुडघे कसे आहेत? जिनेशदादा म्हणतो, आई मजेत आहे. पण आईचे गुडघे दुखतात हे लेकाला कधी दिसत नाही, म्हणून तुलाच विचारते. (फोनवर तू "मला काय धाड भरलीय" म्हणून ठेवून देतेस. पत्र तसं ठेवता येत नाही.) मी बरी आहे. फक्त गावातल्या बायका सध्या माझ्याशी बोलत नाहीत, आणि त्याचं मूळ तुझ्यापाशी असल्यामुळे सविस्तर लिहिते.

झालं असं, की पहिली-दुसरीच्या पोरांना संख्यारेषेवर 'पेक्षा लहान' आणि 'पेक्षा मोठं' दाखवायचं होतं. फळ्यावर रेघ मारून पाचावर पोकळ गोल काढला आणि सांगितलं, गोल पोकळ असला तर पाच धरायचा नाही, भरीव असला तर धरायचा. पोरांनी माना डोलावल्या. (सगळी एकदम माना डोलावतात तेव्हा एकालाही कळलेलं नसतं.) मग मैदानात फक्कीने लांब रेघ ओढली. पोकळ गोल म्हणून सायकलचा जुना टायर आणला आणि भरीव गोल म्हणून खिचडीच्या पातेल्याचं झाकण. खिचडी शिजवणाऱ्या सुलाबाईने झाकण दिलं, पण लेक सासरी धाडावी तशा चेहऱ्याने.

उदाहरण घेतलं एसटीचं. पाच पूर्ण झाली की हाफ तिकीट, पाचपेक्षा लहान असेल त्याला तिकीटच नाही. म्हणून पाचावर टायर. आधी प्रत्येकाला आपापल्या वयावर उभं केलं. सगळी सहा-सातावर दाटीवाटीने उभी राहिली. मग म्हटलं, ज्यांना एसटीत तिकीट लागत नाही त्यांनी टायरच्या पलीकडे जा. माझा अंदाज, कुणी हलणार नाही. आत्या, जवळजवळ सगळा वर्ग चारावर जाऊन उभा राहिला. सात वर्षांचा बिरदेव, वर्गात सगळ्यात उंच, तो तर थेट तीनावर. त्याला विचारलं तर शांतपणे म्हणाला, "बाई, यष्टीत मी तीनचा हाय." सहावर एकटी समीक्षा उरली, कारण तिचे वडील आमच्याच गाडीवर कंडक्टर आहेत.

समीक्षाने घरी जाऊन सगळं सांगितलं. पुढच्या बाजाराच्या दिवशी गाडीत तिचे वडील तिकिटाचं मशीन घेऊन एकेका पोरासमोर उभे राहिले आणि विचारू लागले, बाईंच्या रेघेवर पहिल्यांदा कुठं उभा होतास? पोरं खरं बोलली. (मीच शिकवलेलं, दुसऱ्या कुणाला बोल लावू?) संध्याकाळी आयांचा घोळका शाळेच्या दारात हजर. बिरदेवची आई माया सगळ्यांच्या वतीने म्हणाली, "बाई, गणित शिकवा की, पण आमच्या पोरांची वयं वाढवू नगा." मला हसू फुटलं, आणि हसता हसता तुझी इतकी आठवण आली की डोळे भरून आले. बायकांना वाटलं, बाईंना उपरती झाली.

आठवतं का? मे महिन्यात तू मला सांगलीहून कवठे महांकाळला गावी न्यायचीस. मिरज मागं पडलं की कंडक्टर पंच वाजवत यायचा आणि तुझा हात माझ्या डोक्यावर पडायचा. गुडघे वाकव, मान खाली घाल, विचारलं तर साडेचार. मी किती उन्हाळे साडेचारचीच होते, देव जाणे. एकदा कंडक्टरने इयत्ता विचारली आणि मी ठसक्यात दुसरी म्हणाले. तू जराही न डगमगता सांगितलंस, पोर हुशार हाय, मास्तरांनी उचलून वर घातलीया. मग कवठ्याच्या स्टँडवर आपण बर्फाचा गोळा खायचो, तू पदराआड. आता सगळे मला बाई म्हणतात. बाबा गेल्यापासून मला लहान समजणारी तू एकटी उरलीस.

आणि म्हणूनच रागही येतो. मागे तू माझ्याकडे यायला निघालीस, तेव्हा काय झालं ते जिनेशदादाने सांगितलं. कंडक्टर आदराने म्हणाला, आजी, पंच्याहत्तर झाली की तुमची, तिकीट न्हाई. तू सत्तर सांगून बायकांचं हाफ तिकीट मागितलंस, त्याने ऐकलं नाही, आणि तू गाडी थांबवून उतरलीस ती परत एसटीत चढली नाहीस. मी इकडे शेवटची गाडी जाईपर्यंत थांब्यावर उभी होते.

तब्येतीला जप. दादा-वहिनींना नमस्कार.

तुझी
दीपाली

ता. क. शेंगदाण्याची चटणी संपली. (पार्सलने पाठवू नकोस, फुटते.)

ता. क. २ पोरांनी विचारलं, रेघ दहाच्या पुढे जाते का? म्हटलं, ओढा. एका आकड्याला एक ढांग टाकत ती फाटकाबाहेर गेली आणि पंच्याहत्तरचा आकडा बरोबर एसटीच्या थांब्यावर आला. तिथं मी सुलाबाईचं झाकण ठेवलंय, म्हणजे पंच्याहत्तर धरून. ती सध्या खिचडीवर परात झाकते आणि मला रोज विचारते, तुमची आत्या कवा येणार.

ता. क. ३ कंडक्टरला सत्तर सांग, साठ सांग, साडेचार सांग. समीक्षाच्या वडिलांना मी बघून घेते. पण ये.