सरपंचाच्या ताटाची सोय

मी, प्रयागबाई दादाजी ठवकर, राहणार नागपूर, पिठाची गिरणी चालवणारी, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणी मागे लागलेलं नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवते. मूलबाळ नाही. शेजारी राहणारा धाकटा भाऊ चंद्रभान, त्याची मुलगी गोपिका आणि सरपंच नावाचा माझा कुत्रा, एवढाच पसारा.

गिरणी गोपिकेला द्यावी. पट्टा सारखा निसटतो. त्याला शिव्या देऊन उपयोग नाही, मी देऊन पाहिल्या आहेत.

घर चंद्रभानला, पण अटीवर. सरपंचाला रोज संध्याकाळी गिरणीत सांडलेल्या पिठाची भाकर घालावी. आमचं भांडण यावरूनच आहे आणि मेल्यावरही मी माघार घेणार नाही. मटणासाठी बोकड पाळायचे तर चारा लागतो. वस्तीमागची टेकडी त्यांनीच बोडकी केली. पूर्वी तिथे बोरं मिळायची, आता धूळ मिळते. चंद्रभान मात्र बाजारातून आतडी आणतो आणि वर मलाच विचारतो, "काहून वं बाई, कुत्र्यासाठी कोणी बोकड कापते का? हे मी नाही आणलं तं नाल्यातच फेकतीन. अन् तुह्या ज्वारीले पाणी नाही लागत?"

"सांडलेलं पीठ मी का वावरात पेरू?" असं म्हणून मी दार लावून घेते. नाल्याचं त्याचं म्हणणं खरं आहे. पण मी जिवंत असेपर्यंत हे त्याला कळू देऊ नये.

पोस्टातली शिल्लक टेकडीला कुंपण घालून कडुनिंब लावण्यासाठी वापरावी. पाणी चंद्रभानने घालावं. कुरकुर करेल, पण घालेल.

दोन घरांमधल्या भिंतीतलं भगदाड बुजवू नये. सरपंच तिकडे आतडी खाऊन त्यातूनच इकडे भाकरीला येतो, हे मला केव्हाचं ठाऊक आहे. मरणाची मला भीती नाही. तो संध्याकाळी रिकाम्या ताटापाशी बसून राहील, याची आहे. म्हणून भाकर माझ्याच ओट्यावर, त्याच ताटात, चंद्रभानने स्वतःच्या हाताने वाढावी.

ज्याला घर मिळायचं त्याची साक्ष चालत नाही, असं वकील म्हणाले. म्हणून चंद्रभानला आज मीच पैसे देऊन आतडी आणायला पाठवलं आहे. सरपंच दारात बसून त्याची वाट पाहतो आहे.

वरचा मजकूर वाचून पाहिला, मनासारखा आहे.

सही: प्रयागबाई दादाजी ठवकर

आमच्यासमोर सही केली:
१. देवराव लांजेवार
२. वच्छला हेडाऊ

नागपूर, ९ नोव्हेंबर १९७४