खण बंद झाला पाहिजे

४ मार्च

आज खण बंद होईना! शिलाई मशीनच्या उजव्या हाताचा, वीतभर लांबीचा, माझा एकुलता एक खण. दुकानात लोक पँटी आखूड करायला टाकतात, पडदे कापून घेतात — उरलेल्या पट्ट्या माझ्याकडेच राहतात. त्यातली एखादी अशी डोळ्यांत भरते की कचऱ्यात टाकवत नाही. मग तिचं चित्र होतं. कापडावर कापड शिवून, वहीच्या पानाएवढं. पण नियम म्हणजे नियम. खण बंद झाला पाहिजे. आणि दोन वर्षांत जे चित्रात गेलं नाही ते कचऱ्यात.

चार पट्ट्या आणि एक तुटकी चेन काढली. बंद झाला. बरं वाटलं.

५ मार्च

धुण्याआधी ह्यांचे खिसे तपासले. सात रबरबँड! आणि भंगारवाली म्हणे मी.

८ मार्च

खणाच्या तळाशी आईचा लिफाफा आहे. एकोणीस तारखेला त्याला दोन वर्षं होतील.

आई गेली तेव्हा घरमालकाने घर सोडायला महिना दिला होता. आईने जन्मात काही टाकलं नव्हतं — फुटक्या बादल्या, बंद पडलेल्या तीन इस्त्र्या, छतापर्यंत वर्तमानपत्रं. ताईला कळवलं असतं तर तिने चमचासुद्धा हलवू दिला नसता. ती आईचीच प्रत. म्हणून कळवलंच नाही. भंगारवाला बोलावला, दोन दिवसांत घर रिकामं. तेव्हा किती हलकं वाटलं होतं, खोटं कशाला लिहू.

तिसऱ्या दिवशी ताई आली. सगळ्या खोल्यांतून एकदा फिरली. म्हणाली, "झाडूसुद्धा ठेवला नाहीस." बस्स. त्यानंतर माझा फोन घेत नाही.

लिफाफ्यात तीनच वस्तू. स्वयंपाकघरातल्या पडद्याचा तुकडा, आईच्या स्वेटरचं पिवळं बटण, आणि स्वेटरच्या खिशातली चिठ्ठी. ती सापडली तेव्हा टेम्पो निघून गेला होता. आईचं तिरकं अक्षर — "बल्ब. साबण. थोरलीला विचारणे."

काय विचारायचं होतं देव जाणे.

९ मार्च

टाकायचं, नाहीतर वापरायचं. नियम मीच केलाय, आता सांगते कुणाला!

१२ मार्च

वापरतेय. आईचं स्वयंपाकघर करतेय, ताईसाठी. खिडकीला तोच पडदा. बँकेतल्या साहेबांच्या पँटीची तपकिरी पट्टी म्हणजे टेबल. पिवळ्या बटणाचा बल्ब — छान बसला! आणि मग ढीग. डबे, बादल्या, वर्तमानपत्रांच्या चळती. लाल पट्टी, चौकड्याची, शाळेच्या गणवेशाची निळी. आईचा पसारा मांडायला माझा अख्खा खण लागला.

मजा येतेय. आईला एवढी मजा येत असेल हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

१४ मार्च

लेक येऊन चित्र बघून गेली. म्हणाली, एवढं गिचमिड काम तू पहिल्यांदाच केलंस. खालची जागा मोकळी का, विचारलं. मी चिठ्ठी दाखवली. ती म्हणाली झेरॉक्स शिव, खरी जपून ठेव.

मी नाही म्हटलं. आईच्या हातचं माझ्याकडे तेवढंच उरलंय. म्हणून तर खरीच द्यायला हवी.

१५ मार्च

कापली. रोज मीटरनी कापड कापते, आज बोटभर कागदासाठी दोनदा कात्री उचलून खाली ठेवली. "थोरलीला विचारणे" चित्राच्या खाली शिवलं. बल्ब आणि साबण माझ्या वाट्याला.

१७ मार्च

हे पार्सल करून आले. पत्र जोडलं नाही. मागे एकच ओळ लिहिली — ताई, मी तुला विचारायला हवं होतं.

२१ मार्च

पोचल्याचा मेसेज आला, पार्सलवाल्यांचा. ताईचा नाही.

२५ मार्च

नाही.

दुकानात कामं भरपूर आहेत, तेवढं बरं. खण रिकामा, ढकलला की धाडकन बंद होतो. ह्यांनी आज हिरव्या रंगाचं एक रबरबँड आणून त्यात ठेवलं. म्हणाले, सोबत म्हणून. हसू आलं. पण मन फोनकडेच.

२८ मार्च

ताईचा फोन! दोन वर्षांनी तिचा आवाज. हवापाणी नाही, चित्राबद्दल एक अक्षर नाही. "रविवारी ये. जुने कपडे घालून ये." ठेवून दिला.

३० मार्च

ताईच्या घराची मागची खोली. दार अर्धंच उघडतं. आत आईचं सगळं — बादल्या, इस्त्र्या, वर्तमानपत्रं. त्या दिवशी रिकाम्या घरातून ती थेट भंगारवाल्याकडे गेली होती, टेम्पो भरून परत आणला. दोन वर्षं कुलूप लावून बसलीय. भिंतीवर माझं चित्र.

"मला एकटीला आवरेना," म्हणाली. "पण एकेक वस्तू मला विचारून."

दाराशी आईचा झाडू होता. मी उचलला. "ताई, हा?"

तिने त्याच्या काड्या बोटांनी चाचपल्या. "टाक. पार झिजलाय."

टाकायच्या आधी त्यानेच दारापुढची जागा झाडून घेतली आणि बसलो दोघी.