चार बोटं उघडं दार

१२ नोव्हेंबर १९८३, शनिवार. नौबाद.

रत्ना गेली, तिचं पुण्यानुमोदन आज झालं. भंतेजी वेळेवर आले. वंदना, मग जेवणं. कमठाण्याची भावकी सगळी होती. करजगीहून तिचा भाऊ तुकाराम एकटाच आला. नऊ वर्षांत पहिल्यांदा या घरात. दीक्षा घेऊनही त्यांच्या घरातली देवी हलली नाही, म्हणून मी जाणंयेणं बंद केलं होतं. माझं आणि रत्नाचंही. कोपऱ्यात बसून होता. मी दोन शब्द बोललो, तोही तेवढेच.

दुपारी वारं सुटलं. लाल धूळ. पत्र्याखाली आमची जुनी गाडी उभी, चालवणाऱ्याच्या बाजूची काच खाली. कोणी सांगितलं नाही. तुकाराम उठला, दार चार बोटं उघडलं, बटण दाबलं, काच वर आली, दार लावलं. येऊन परत कोपऱ्यात बसला.

दार बंद असलं की ती काच हलत नाही. चार बोटं उघडलं तरच. हे मला माहीत होतं आणि रत्नाला. आणखी कोणाला माहीत असायचं कारण नाही.

१३ नोव्हें., रवि.

तुकाराम सकाळच्या बसने गेला. स्टँडपर्यंत बरोबर गेलो. काचेचं विचारायचं होतं. विचारलं नाही. बस लागली तेव्हा तोच म्हणाला, "दाजी, मायला अजून सांगितलो न्हाई. तिला दिसत न्हाई आता. रोज इचारायली, रत्ना कवा येतीय, कवा येतीय."

म्हटलं, सांगायला हवं.

"तुम्हीच येऊन सांगा. माझ्या तोंडातून निघंना."

नऊ वर्षं जी गेलीच नाही तिची रोज वाट कशी बघतील? घरी येईपर्यंत डोक्यात हेच.

संध्याकाळी गाडीत बसायला गेलो, बसता येईना. पुढची सीट पार पुढे, आणि उंच केलेली. गुडघे स्टिअरिंगला अडले. बटण दाबलं तर खालून मोटरीचा आवाज येतो, सीट जागची हलत नाही. मी पावसाळ्याआधी चालवली तेव्हा सीट शेवटपर्यंत मागे होती. मागे असल्याशिवाय मला बसताच येत नाही. त्यानंतर मी औराद रस्त्याच्या कामावर, तिथल्याच कॅम्पवर, फक्त रविवारी घरी. गाडी पेट्रोल फार पिते म्हणून काढलीच नव्हती.

मग इथे कोण बसलं?

१५ नोव्हें.

चाँद मिस्त्रीला बोलावलं. हैदराबादच्या एका नवाबाच्या घरून ही जुनी अमेरिकन गाडी आणली तेव्हापासून तोच बघतो. ऑगस्टमध्ये ऑइल बदलायला किल्ली त्याच्याकडे होती. उंचीने माझ्या खांद्याइतका. सीट त्याला बरोबर बसेल. मला वाटतं त्याने कुणाच्या तरी वरातीला फिरवली. सरळ विचारलं.

"तौबा साब! ये बुढी बेगम को कौन दूल्हा लेगा? बटन दबाव तो रूठती, नै दबाव तो रोती."

तो हसला. मी हसलो नाही. शुक्रवारी येतो म्हणाला. जाताना सीटकडे पाहिलं नाही. जी वस्तू दुरुस्त करायची तिच्याकडे मिस्त्री बघत नाही?

१६ नोव्हें.

शेजारच्या शांताक्का भाकरी घेऊन आल्या. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, गाडीपाशी कोणी येत होतं का.

"अण्णा, रत्नाबाईच बसत व्हत्या की दुपारचं. म्या म्हनले, ओ बाई, कामून बसायलाव त्या डब्यात? तर म्हनल्या, थंड वाटायलंय. पत्र्याखाली थंड! म्या म्हनले, मंग चुलीतच बसा की, आनिक थंड वाटंल." हसल्या, आणि लगेच पदर डोळ्याला लावला.

गाडी बाहेर निघायची का?

"आमी दिसभर रानात, अण्णा. मला काय म्हाईत?"

हे बोलताना भाकरीवरचा कपडा नीट करत होत्या. तो नीटच होता.

रत्ना नुसती बसायची? नुसतं बसायला सीट पुढे कशाला लागते. मला काही म्हणाली नाही. रविवारी दोघं समोरासमोर जेवायचो. औरादचं विचारायची, रोलर आला का, खडी आली का. हे नाही.

१८ नोव्हें., शुक्र.

चाँद आला. मिस्त्री लोक चांगली मोटर काढून जुनी बसवतात असं ऐकलंय. मैलाच्या दगडाचा पिवळा रंग घरात होता. त्याने दाराच्या आतला पुठ्ठा काढला तेव्हा काचेच्या मोटरीवर खुणेचा ठिपका दिला. त्याच्यासमोरच. त्याने पाहिलं. मी शेजारी स्टूल टाकून बसलो.

काचेचा दोष मोटरीत नव्हता. दाराच्या बिजागरीत तारा दुमडून दुमडून एक आतून तुटली होती. दार थोडं उघडलं की तिची टोकं एकमेकांना लागायची आणि काच चालायची. तार जोडता जोडता म्हणाला, "मैं बाईसाब को बोल्या था, ये तार एक दिन—"

थांबला.

म्हटलं, कधी बोललास?

"नै साब. ऐसेच. घर की औरतां को काच का तकलीफ होता ना, इसलिए बोल्या."

ऐसेच. मी पुढे विचारलं नाही. तो तारेवर पट्टी गुंडाळत राहिला. एरवी याचं तोंड बंद नसतं.

दुपारी सीट. चारी बोल्ट काढून सीट उचलली. रुळात एक छोटी उशी दाबून बसली होती, तेल लागलेली, एका कडेला फाटलेली. तिच्यामुळे सीट अडली. रत्नाच्या निळ्या लुगड्याची. ते लुगडं मीच हैदराबादहून आणलं होतं, विटलं म्हणून तिने नेसायचं सोडलं होतं. पाठीला उशी लावल्याशिवाय तिचे पाय ब्रेकपर्यंत पोचले नसते.

चाँदने उशी झटकून बॉनेटवर ठेवली आणि पाना शोधायला लागला. पाना त्याच्या हातातच होता.

२० नोव्हें., रवि.

उशी धुतली. तेलाचा डाग जात नाही.

आठवून पाहतोय. सप्टेंबरातल्या एका रविवारी तिच्या चपलांना काळी माती होती, वाळलेली. नौबादला काळी माती कुठली? म्हणाली, शांताक्कांच्या रानात गेले होते. शांताक्कांचं रान मी पाहिलेलं नाही. उद्या पाहावं.

२१ नोव्हें.

शांताक्कांचं रान पाहून आलो. वरचा तुकडा लाल. ओढ्याकडचा काळा. म्हणजे ती खरंही बोलली असेल.

करजगीची जमीन सगळी काळी.

शिकवलं कोणी, चाँदने? एकटी गेली का तो बरोबर होता? ती उंबरठ्यात आली तेव्हा तुकारामने विचारलं नसेल का, दाजींना माहीत आहे का म्हणून? ती काय म्हणाली असेल. मला विचारलं असतं तर मी

२७ नोव्हें., रवि.

चाँद राहिलेलं काम करून गेला. आता चारी काचा दार बंद असताना चालतात. सीट मागे-पुढे, वर-खाली, सगळीकडे जाते. पिवळा ठिपका जागेवर आहे, पाहून घेतला.

तो हात पुसत होता तेव्हा विचारलं, लांबच्या रस्त्याला काढावी का? अफझलपूरकडे. करजगीला.

"जाती साब. रस्ता मालूम है इसकू."

त्याच्या तोंडाकडे पाहिलं. गाडीला म्हणाला की थट्टेने म्हणाला, कळेना. त्याने पिशवी उचलली, सलाम केला, सायकलवर बसला. फाटकापर्यंत मागे गेलो. हाक मारायची होती. मारली नाही.

तुकारामची माय अजून वाट बघत असेल. तिला काय सांगायचं ते मला माहीत आहे. तिला काय माहीत आहे, ते मला माहीत नाही.

नंतर गाडीत बसलो. सीट मागे घेतली, माझ्या जागेवर आली. थोडा वेळ बसलो. मग बटण दाबून होती तिथे पुढे आणली आणि कसाबसा बाहेर आलो.

वारं होतं. काच लावायची राहिली होती. दार चार बोटं उघडलं, बटण दाबलं. तार जोडलेली आहे, उघडायची गरज नव्हती. काच वर आली. दार लावलं.