पाचव्या नंबरचं गाणं

दोहा, मार्च २००६

चि. सुरुची,
आशीर्वाद, आणि थोडा रागसुद्धा.

मी मजेत आहे, जेवण चांगलं मिळतंय, असं आईला सांग. तिचा गुडघा कसा आहे?

आपल्या लाडक्या रॉक बँडच्या गाण्यांची तू लावलेली क्रमवारी वाचली. पहिलं म्हणे ते, जे सुयोगने उत्तनच्या समुद्रकाठी खडकावर बसून तुला वाजवून दाखवलं! हा सुयोग कोण? गिटार नीट लावता तरी येते का त्याला? आणि बेव्हर्ली पार्कच्या आपल्या इमारतीच्या गच्चीत आपण दोघांनी इअरफोनची एकेक बाजू वाटून घेऊन ऐकलेलं गाणं पाचवं?

काल तेच लावलं. डावी बाजू माझ्या कानात घातली. उजवी सवयीने तुझ्यासाठी तशीच लोंबत ठेवली.

तुझा,
पाचव्या नंबरचा दादा