अर्जदार एकटाच आहे, याबाबत

प्रति,
माननीय परीक्षा अधिकारी साहेब,
ऑनलाईन पदवी विभाग, महाविद्यालय कार्यालय

विषय : आरशातल्या माणसांना साथीदार ठरवून अर्जदाराचे गुण वाटून टाकल्याबाबत.

संदर्भ : आपली नोटीस. ती आली अर्जदाराला एकट्याला, आणि लिहिली आहे तेवीस जणांना.

महोदय,

आपल्या कार्यालयाने एका माणसाची टोळी केली आहे, आणि ती करताना एकदाही नीट डोळे उघडून पाहिलेलं नाही. हा आरोप आहे, विनंती नव्हे. विनंती खाली येईल, ती वेगळी वाचावी.

१) अर्जदार केशकर्तनालय चालवतो. दुकान एका खोलीचं, खुर्च्या दोन, कारागीर एक. बारावी झाली आणि वडिलांचं दुकान गळ्यात पडलं, शिक्षण सुटलं ते सुटलंच. खुर्चीतला माणूस काहीही बोलला तरी "बरोबर आहे साहेब" म्हणायचं, हा या धंद्याचा पहिला नियम, कात्री धरायच्याही आधी शिकवतात. मध्यंतरी महागाई का वाढते यावर एकाच दुपारी तीन गिऱ्हाइकांनी तीन उलटसुलट कारणं सांगितली, आणि अर्जदार तिघांनाही बरोबर आहे म्हणाला. जेवताना ही गंमत घरी सांगितली तर पत्नी म्हणाली, "ते राहू दे, तुम्हाला स्वतःला काय वाटतं?" अर्जदाराने आत चाचपून पाहिलं. त्याला काहीच वाटत नव्हतं. इतकी वर्षं मान हलवून हलवून आतलं सगळं सपाट झालं होतं. अर्थशास्त्राच्या पदवीला त्याने नाव घातलं ते एवढ्यासाठीच. एकदा तरी कुणाला तरी "नाही साहेब, तसं नाही" म्हणता यावं, आणि पुढे दोन वाक्यं कारणही देता यावं.

२) आपला नियम असा की आधी 'ऑनलाईन शिक्षणाची पूर्वतयारी' हा वर्ग उत्तीर्ण व्हायचं, मगच जागा पक्की. अर्जदाराने त्यातला प्रत्येक धडा जिवावर उदार होऊन पाळला. वेळापत्रक करा म्हणालात, केलं. अभ्यासाची वेळ घरच्यांना सांगा म्हणालात, सांगितली. परिणामी अर्जदाराची आई रोज त्याच वेळी शेजारणींना घेऊन येऊ लागली, "बघा, शिकतोय माझा," असं दाखवायला. एकदा तर कॅमेऱ्यापुढे वाकून तिने आपल्या प्राध्यापकांना विचारलं, "अहो सर, तुमचा आवाज का बसलाय? काढा घेता का?" सर तीन मिनिटं घशाबद्दल बोलत राहिले. तिसरा धडा होता : शांत, एकांताची जागा निवडा. अर्जदाराने सुट्टीच्या दिवशीचं आपलं बंद दुकान निवडलं. तिथे चिटपाखरू नसतं. निदान तेव्हा तरी तसंच वाटत होतं.

३) आता दुकानाची रचना समजून घ्यावी, कारण नोटीस लिहिणाऱ्याने ती घेतलेली नाही. समोरच्या भिंतीला आरसा, मागच्या भिंतीला आरसा. गिऱ्हाइकाला मानेमागचं काम दिसावं म्हणून जगभर असंच असतं. परीक्षेच्या दिवशी अर्जदाराने बहिणीचा लॅपटॉप कंगव्यांच्या फळीवर ठेवला, खुर्चीत बसला आणि पेपर सुरू केला. अर्धा पेपर झाला आणि पडद्यावर लाल अक्षरं आली : "आपल्या मागे इतर व्यक्ती आहेत. त्यांना बाहेर जाण्यास सांगा." अर्जदाराने मागे वळून पाहिलं. त्यांनीही पाहिलं.

अडचण आल्यास मदत मागा, हा आपला पाचवा धडा. अर्जदाराने मदत केंद्राला फोन लावला. तिथल्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, "दादा, बाकीच्यांना बाहेर काढा ना." अर्जदार म्हणाला, "मॅडम, मी बाहेर गेलो तरच ते जातील." बाई म्हणाल्या, "मग तुम्ही पण जा की." अर्जदार उठला, बाहेर फुटपाथवर जाऊन उभा राहिला, परत आला. पडद्यावर लिहिलं होतं : "सर्व जण बाहेर गेले. सहकार्याबद्दल आभार." तो खुर्चीत बसला. "सर्व जण परत आले."

४) पेपर अर्जदाराने पुरा केला. पन्नासपैकी शेहेचाळीस गुण पडले. अभ्यास केला होता, पडणारच. मग आली आपली नोटीस. तीत अर्जदार आणि बावीस अज्ञात साथीदार यांच्यावर पुढीलप्रमाणे ठपका आहे. एक उठला की बाकीचे शिस्तीत उठत होते, म्हणजे कट आधीच शिजला होता. सर्वांनी एकाच क्षणी मोबाईल कानाला लावला. निम्मे साथीदार ओळख लपवण्यासाठी पाठमोरे बसले होते. आणि मागच्या मागच्या रांगांतले आकाराने लहान लहान दिसत असल्याने परीक्षेस अल्पवयीन मुलं बसवल्याची स्वतंत्र चौकशी होईल.

साहेब, ती मुलं नाहीत. तो लांबवरचा अर्जदार आहे.

सामूहिक कॉपीचे गुण सर्वांत सारखे वाटावेत, या नियमाने शेहेचाळीस भागिले तेवीस करून अर्जदाराला दोन गुण दिलेत आणि नापास केलंत. बिनपाण्याने हजामत म्हणतात ती हीच, आणि ती कुणी करावी तर आपण, ज्यांना वस्तरा धरता येत नाही! चौकशीस तेवीसही जणांनी ओळखपत्रासह यावं असा हुकूम आहे. अर्जदार यायला तयार आहे. बाकीचे बावीस जण आरसे आणल्याशिवाय येत नाहीत, आणि आरसे भिंतीत बसवलेले आहेत.

५) गल्लीत व्हायची ती शोभा झालीच. शेजारचा चष्मेवाला रोज विचारतो, "काय, आज एकटेच? मंडळी कुठंयत?" ते एक वेळ सोसलं. पण परवा एक निवृत्त मॅनेजर दाढीला बसले आणि म्हणाले, "या वयात तुला कशाला हवंय कॉलेज? गप कात्री चालव." अर्जदाराच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "बरोबर आहे साहेब." त्यांच्या गालावर फेस तसाच, आणि अर्जदाराच्या हातातला ब्रश थांबला. जागा गेली तर उरलेला जन्म हेच वाक्य म्हणत काढायचा आहे. जागा पक्की करण्याची मुदत याच महिन्याअखेर संपते.

सबब विनंती, जी वेगळी वाचावी : नोटीस मागे घ्यावी, शेहेचाळीस गुण ज्याचे त्याला एकट्याला द्यावेत आणि जागा पक्की करावी. नाहीतर तेवीस जण होते यावर ठाम राहावं आणि तेवीस जागा द्याव्यात. सगळे एकाच वेळी हजर होतील, शिस्त आपण पाहिलीच आहे. आपली नोटीस आपल्या हुद्द्याचा पूर्ण मान राखून तीनदा वाचली. नाही साहेब, बरोबर नाही. कारण वर दिलं आहे, दोन वाक्यांपेक्षा जास्तच झालं.

आपला, नम्र आणि एकुलता एक,
(सही)
अर्जदार, केशकर्तनकार

दिनांक : आज, दुकानाची सुट्टी

सोबत :
१. दुकानाचा फोटो. फोटोतले सर्व जण अर्जदार आहेत.
२. आईचं पत्र, की मुलगा तिला एकच आहे.
३. मानेमागचं दाखवायचा हात-आरसा, एक नग. तो धरून साहेबांनी आपल्या कार्यालयातल्या बेसिनवरच्या आरशाकडे पाठ करून उभं राहावं, आत किती साहेब दिसतात ते मोजावं, आणि त्यांतल्या कुणी या नोटिशीवर सही केली, ते लेखी कळवावं.