पायलट बेअरिंग आणि घरचे फितूर

शनिवार, १ जून

मिस्त्रीने केसाने गळा कापला. अठरा वर्षं ही गाडी त्याच्या हाताखालून जाते आहे. आज म्हणाला, क्लचचं काम बारा तारखेच्या आधी जमणार नाही, चार गाड्या उघडून पडल्यात. मी सांगितलं की कन्येची पहिली नोकरी आहे, दहा तारखेला हजर व्हायचंय, नऊ तारखेला तिला सोडायला जायचंय, सहा तासांचा रस्ता आहे. तर म्हणे, मग दुसऱ्या गाडीने सोडा.

वर हेही ऐकवलं की क्लचप्लेट आपोआप जात नाही, कुणीतरी क्लचवर पाय ठेवून गाडी चालवतं. मी कन्येकडे पाहिलं. ती माझ्या पायाकडे पाहत होती.

निर्णय : क्लच मीच बदलणार. आपल्याच पार्किंगमध्ये. व्हिडिओ पाहिला, बावीस मिनिटांचा आहे. त्यातला माणूस माझ्यापेक्षा जाड असून गाडीखाली सहज मावतो.

रविवार, २ जून

सामान आणलं. क्लचप्लेट, प्रेशर प्लेट आणि पायलट बेअरिंग. हे बेअरिंग म्हणजे जेमतेम मोठ्या अंगठीएवढी वस्तू. इंजिनाच्या मागच्या टोकाला, मधल्या भोकात बसतं आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक त्यात फिरतं. क्लच दाबला की गाडी जी कुरकुरते, ती याच्यामुळे. मिस्त्री हे सगळं गुपित ठेवून अठरा वर्षं भाव खात होता.

जेवताना घोषणा केली. बायको म्हणाली, बरं. कन्या म्हणाली, बरं. इतक्या लगेच दोघींचं एकमत झालेलं मी आजवर पाहिलं नव्हतं. विश्वास म्हणतात तो हा.

हे इथेच लिहितो, बाहेर बोलणार नाही. गेल्या दोन वर्षांत कन्येशी सलग अर्धा तास बोललेलो नाही. ती खोलीत असते, नाहीतर फोनवर. गाडीत मात्र ती शेजारी बसेल आणि सहा तास कुठे उठून जाणार नाही. काय बोलायचं ते ठरवलेलं नाही. पहिले दोन तास इकडचं तिकडचं, मग आपोआप निघेल. म्हणून गाडी माझीच हवी आणि चालवणाराही मीच हवा.

बुधवार, ५ जून. सायंकाळी ५

रजा टाकली, रविवारपर्यंतची. कारण : तातडीचं कौटुंबिक काम.

गिअरबॉक्स खाली उतरवला. व्हिडिओत चाळीस सेकंद लागले, मला सात तास. त्या माणसाने बाकीची दृश्यं कापलेली असणार. हीसुद्धा फसवणूकच. घरच्यांची मदत नावापुरती. दोघींनी फक्त टॉर्च, जॅक आणि गिअरबॉक्स धरला. बाकी सगळं मी एकट्याने केलं.

वरच्या अंगाच्या एका बोल्टने बोट सोललं. संकल्प : रोज पंधरा मिनिटं व्यायाम. उद्यापासून.

गुरुवार, ६ जून

व्यायाम नाही. अंग धरलंय.

आजचं काम : जुनं पायलट बेअरिंग काढणे. ते भोकात गच्च बसलेलं असतं, मागून धरायला जागा नसते. युक्ती अशी की मधल्या छिद्रात ग्रीस ठासून भरायचं, छिद्रात घट्ट बसेल असा दांडा त्यात घालायचा आणि वर हातोडा मारायचा. ग्रीसला जायला जागा उरत नाही, म्हणून ते मागून बेअरिंगला बाहेर ढकलतं. विज्ञान आहे.

दांडा म्हणून बैठकीतल्या पडद्याचा रॉड घेतला. किंचित सैल होता, पण किंचितच.

दुपारी १२.१०. ग्रीस बाहेर आलं. बेअरिंग नाही. चष्मा, भुवया, कॉलर, गाडीचा तळ. कन्येने न हसता टॉवेल दिला. ओठ चावून न हसण्यात तिने तिच्या आईची बरोबरी केली. मग म्हणाली, बाबा, ग्रीसऐवजी ओला ब्रेड ठासतात, मी वाचलंय, राडा होत नाही. मी समजावलं की हे इंजिन आहे, नाश्ता नाही.

आणखी चार वेळा ग्रीस. पडदा आता दोरीवर आहे.

शुक्रवार, ७ जून

पहाटे माझी मलाच एक कल्पना सुचली. ब्रेड. पाण्यात भिजवून, ठासून, दांड्याला टेप गुंडाळून घट्ट करून ठोकत राहिलो. सहाव्या स्लाइसला बेअरिंग टुणकन माझ्या मांडीवर पडलं. इतका आनंद मला बढतीच्या वेळी झाला नव्हता. कन्येला हाक मारून दाखवलं. तिने ब्रेडचं रिकामं पाकीट पाहिलं आणि अभिनंदन केलं. कल्पना कुणाची यावर तिने वाद घातला नाही, हा तिचा समजूतदारपणा माझ्याकडून आलाय.

जुनं बेअरिंग रॉकेलमध्ये धुतलं, ब्रशने घासलं, फडक्याने पुसलं. चकचकीत झालं. मेहुण्यांना दाखवायला म्हणून नव्याच्या खोक्यात नीट ठेवलं. ते नेहमी म्हणतात की मला बल्बसुद्धा बदलता येत नाही.

नवं बेअरिंग फ्रीझरमध्ये ठेवलं. गारठलं की आकसतं आणि अलगद बसतं. हे मिस्त्रीलाही माहीत नसेल.

शनिवार, ८ जून. सायंकाळी ६

सकाळी खोक्यातून बेअरिंग काढलं, भोकावर सरळ धरलं, पान्याचं सॉकेट लावून हलक्या हाताने ठोकलं, बसलं. क्लचप्लेट बसवली, गिअरबॉक्स वर चढवला. चार वाजता सगळं पूर्ण. आंघोळ केली. नवा शर्ट काढून ठेवला.

साडेचारला बायको सरबतासाठी बर्फ काढायला गेली आणि विचारत आली की बर्फाच्या ट्रेमागे ही लोखंडी चकती ठेवलीय, ती तुझीच ना.

ती नवी होती. खोक्यात जुनं होतं. मी तीन दिवस झगडून जे बाहेर काढलं, तेच धुऊन पुसून सन्मानाने परत बसवलं. बेअरिंग इतकं चकचकीत करणं हीच चूक झाली. कामात जीव ओतणाऱ्याला जग असंच तोंडघशी पाडतं.

म्हटलं, पहाटे पाचला उठतो, गिअरबॉक्स उतरवतो, नवं घालतो, नऊला निघू. बायको शांतपणे म्हणाली की दादा उद्या सकाळी सात वाजता येतोय त्याची गाडी घेऊन, त्याला सांगून ठेवलंय. मी विचारलं, कधी सांगितलंस. तर म्हणे, गेल्या रविवारी, जेवण झाल्यावर.

म्हणजे ते ‘बरं’! हात धुवायच्या आत फोन गेला होता. सबंध आठवडा या दोघी टॉर्च धरून उभ्या होत्या आणि मनात मेहुण्यांची गाडी होती. घर असं आतून पोखरलेलं असेल तर माणसाने विश्वास टाकायचा कुणावर? फार लागलं. जेवलो नाही. नंतर थोडं जेवलो.

रविवार, ९ जून. सकाळी ८

गेले.

मी गाडीखाली होतो. कन्या आली, मला फक्त तिचे बूट दिसत होते, नवे. म्हणाली, बाबा, मागे एक सीट रिकामी ठेवलीय, चल ना. मी म्हटलं, गाडी उघडी टाकून कसा येऊ, तुम्ही पुढे व्हा, मी दोन तासांत मागून निघतोच. बूट जरा वेळ तिथेच उभे राहिले. बाहेर आलो असतो, पण हात ग्रीसने भरलेले होते आणि वर मेहुणे होते.

दुपारी १. नवं बेअरिंग बसलं. एकदम सरळ. कन्येला मेसेज केला : अर्ध्या तासात निघतो.

दुपारी ४. गिअरबॉक्सचा शाफ्ट आत जात नाही. क्लचप्लेट बरोबर मध्यावर हवी असते म्हणे. काल पहिल्याच झटक्यात बसली होती. तिनेही आजच उलटायचं ठरवलं. फोन बंद करून ठेवलाय, कामात व्यत्यय नको.

सोमवार, १० जून

रजा एक दिवस वाढवली. मिस्त्री जेवणाच्या सुट्टीत आला. बोलवायला मी गेलो होतो, पण त्यालाही यायचंच होतं हे दिसत होतं. प्लेट मध्यावर घेतली, गिअरबॉक्स चढवला, पाऊण तासात हात पुसून मोकळा. कुरकुर बंद. जाताना म्हणाला, बेअरिंग मात्र चांगलं बसवलंय. हे वाक्य त्याने बायकोसमोर म्हणायला हवं होतं, पण ती काल रात्री उशिरा परतलेली, झोपली होती.

मंगळवार, ११ जून

कन्येचा फोन आला. ऑफिस चांगलं आहे, खोलीला मोठी खिडकी आहे. मग विचारलं, गाडीचं काय झालं. बायको तिला सगळं बोललीच असणार, आठवडाभर घरातली एक गोष्ट आत राहिली नव्हती. तरी बापाची थोडी लाज राहावी म्हणून सांगितलं की रविवारी दीड वाजताच तयार झाली, कुणाचा हात न लागता.

ती म्हणाली, मग आला का नाहीस? आई आणि मामा पाचला निघाले, मी आठपर्यंत जेवायची थांबले होते, तुझा फोनही लागत नव्हता.

बायकोने तिला काहीच सांगितलेलं नव्हतं.

मी म्हटलं, आवाज तुटतोय तुझा, नंतर बोलू, आणि फोन ठेवला. आवाज स्वच्छ येत होता.